जुन्या जावावर नवी ॲनोटेशन्स चालवायची, तर आधी ती वाचणारा शोधा

प्रश्न थोडक्यात असा. उत्पादन ग्राहकांच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवलं जातं. बरेच ग्राहक अजून जावा ८, टॉमकॅट ९ (वेब ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर, म्हणजेच कंटेनर) आणि स्प्रिंग ५.३ (ॲप्लिकेशनचे ऑब्जेक्ट बनवून जोडणारं फ्रेमवर्क) वर आहेत, काही जावा १७ वर गेलेत. नवीन मॉड्यूल लिहिणाऱ्या टीमनं ‘जकार्ता.ॲनोटेशन’ (जुन्या ‘जावाएक्स.ॲनोटेशन’चं नवं नाव) पॅकेजमधली ॲनोटेशन्स, म्हणजे कोडवर लावायच्या खुणा, वापरली आणि त्याची एपीआय जार (जावाच्या क्लासांचा गठ्ठा) लिब फोल्डरमध्ये टाकली. बिल्ड झालं, ॲप्लिकेशन सुरूही झालं. पण जुन्या ग्राहकांकडे @पोस्टकन्स्ट्रक्ट (‘ऑब्जेक्ट तयार झाला की ही मेथड चालवा’ अशी खूण) लावलेली मेथड चालतच नाही आणि लॉगमध्ये त्याबद्दल एक ओळही नाही. जार तर जागेवर आहे, मग अडतंय कुठे? आणि दोन्हीकडे चालेल असं काही देता येईल का?

अडतंय ते वाचणाऱ्यापाशी. ॲनोटेशन स्वतः काहीच करत नाही. दाराला ‘आज दूध नको’ अशी चिठ्ठी अडकवली, पण दूधवाल्याला ती लिपीच येत नसेल, तर तो पिशवी ठेवून निघून जातो. बेल वाजवून विचारत बसत नाही. स्प्रिंग ५.३ ला ‘जावाएक्स.ॲनोटेशन.पोस्टकन्स्ट्रक्ट’ वाचता येतं. ‘जकार्ता.ॲनोटेशन.पोस्टकन्स्ट्रक्ट’ हा त्याच्या लेखी कुठलातरी परका टाइप आहे. शेवटचा शब्द सारखा आहे म्हणून जेव्हीएम (जावाचा कोड चालवणारं यंत्र) दोन्हींना एक धरत नाही. पूर्ण नाव वेगळं म्हणजे टाइप वेगळा, विषय संपला.

ही शांतता भाषेच्या रचनेतच आहे, त्यामुळे ती नीट समजून घेतलेली बरी. एखाद्या क्लासवर ॲनोटेशन लावलं आणि रनटाइमला (प्रोग्रॅम चालताना) त्या ॲनोटेशनचा क्लासच क्लासपाथवर (क्लास शोधायच्या जागांवर) नसेल, तरी क्लास लोड होतो. रिफ्लेक्शननं (चालू प्रोग्रॅममधून क्लासचीच माहिती काढायची सोय) ‘यावर काय काय लावलंय’ असं विचारलं तर ते ॲनोटेशन यादीतून गुपचूप गळलेलं असतं, ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येत नाही. ॲनोटेशनच्या नव्या आवृत्तीत एखादा घटक वाढला आणि रनटाइमला जुनी आवृत्ती मिळाली, तर बाइटकोडमध्ये (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) लिहिलेली ती जास्तीची किंमत वगळली जाते, तीही न सांगता. ॲनोटेशनच्या आत दुसऱ्या एखाद्या क्लासचा उल्लेख असेल आणि तो सापडला नाही, तर मात्र किंमत मागताना ‘टाइपनॉटप्रेझेंटएक्सेप्शन’ येतं. क्लासांचा ॲरे असेल तर जावा ८ वर त्याऐवजी ‘ॲरेस्टोअरएक्सेप्शन’ असं भलतंच काहीतरी फेकलं जातं, आणि माणूस दिवसभर ॲरे शोधत बसतो. लॉगमध्ये त्या एक्सेप्शनशेजारी ‘टाइपनॉटप्रेझेंटएक्सेप्शनप्रॉक्सी’ दिसलं, की ॲरे सोडा आणि कुठली जार कमी पडतेय ते पाहा.

तेव्हा ‘नवी ॲनोटेशन्स जुन्या रनटाइमवर चालतील का’ या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत: क्लास फाइल लोड होते का, ॲनोटेशनची कुठली प्रत मिळते, आणि ती वाचतो कोण. बहुतेकजण पहिल्यावर सगळा वेळ घालवतात आणि तिसऱ्याकडे पाहतच नाहीत.

पहिला सोपा आहे. जावा ८ ची क्लास फाइल म्हणजे आवृत्ती ५२, जावा ११ ची ५५, जावा १७ ची ६१. जुन्या जेव्हीएमला मोठा आकडा दिसला की ‘अनसपोर्टेडक्लासव्हर्जनएरर’. हा एरर निदान आरडाओरडा तरी करतो. नवीन जेडीकेनं (जावाच्या विकास-संचानं) जुन्यासाठी बिल्ड करताना ‘सोर्स’ आणि ‘टार्गेट’ यांवर थांबू नका, ‘--रिलीज ८’ द्या. नुसत्या टार्गेटनं बाइटकोड ५२ चा निघतो, पण कंपायलर एपीआय नव्या जेडीकेची धरतो. मग ‘बाइटबफर’च्या ‘फ्लिप’सारखी रोजची मेथड जावा ८ वर ‘नोसचमेथडएरर’ देते, कारण जावा ९ मध्ये तिचा रिटर्न टाइप बदललाय.

दुसरा प्रश्न, कुठली प्रत मिळते, तिथे खरी गुंतागुंत आहे. आणि ती आजची नाही. ‘जावाएक्स.ॲनोटेशन’ ही ॲनोटेशन्स जेएसआर २५० या जावाच्या मानक-प्रस्तावातून आली. जावा ६ नं त्यातली काही थेट जेडीकेत घातली. पुढे २००९ च्या डिसेंबरात जावा ईई (सर्व्हरवरच्या ॲप्लिकेशन्ससाठीची जावाची मानकं) ६ आलं आणि @रिसोर्सला ‘लुकअप’ नावाचा नवा घटक मिळाला. पण जावा ६ च्या पोटातली @रिसोर्स जुनी, आणि बूटस्ट्रॅप लोडर (जेडीकेचे क्लास सगळ्यांच्या आधी उचलणारा) तीच पुढे करणार. तुम्ही ॲप्लिकेशनच्या लिबमध्ये नवी जार ठेवा नाहीतर दहा ठेवा, पालक लोडरचाच शब्द चालतो. परिणामी नवा कंटेनर ‘लुकअप’ मागायचा आणि ‘नोसचमेथडएरर’ खायचा. त्यावर उपाय होता ‘एन्डॉर्स्ड’ फोल्डर: त्यात ठेवलेली जार जेडीकेच्या प्रतीवर मात करायची. जावा ९ मध्ये ती सोयच काढून टाकली.

जावा ९ नं आणखी एक केलं. ही ॲनोटेशन्स ज्या मॉड्यूलमध्ये होती, ते आपोआप मिळेनासं झालं. २०१८ च्या सप्टेंबरात जावा ११ आलं तेव्हा जेईपी ३२० या जेडीके-बदलाच्या प्रस्तावाखाली ते पूर्णच गेलं. म्हणून जावा ८ वर काहीही न घालता चालणारा @पोस्टकन्स्ट्रक्ट जावा ११ वर ‘पॅकेज अस्तित्वात नाही’ म्हणून कंपाइलच होत नाही. जीआरपीसीच्या (दूरच्या सेवा बोलावणारं फ्रेमवर्क) आपोआप तयार होणाऱ्या कोडवर लागणाऱ्या ‘@जनरेटेड’मुळे हाच एरर अनेकांनी पाहिलाय. ते ॲनोटेशन फक्त सोर्सपुरतं असतं, क्लास फाइलमध्ये उतरतच नाही. त्यासाठी जार ‘प्रोव्हायडेड’ स्कोपमध्ये दिली तरी पुरते, ग्राहकाकडे पाठवायची गरज नाही. उलट जावा ८ च्या जेडीकेतही जेएसआर २५० मधलं सगळं नव्हतंच. ‘@प्रायॉरिटी’ तिथे नाही, ती जारमधूनच येते. म्हणजे एकाच पॅकेजमधली दोन ॲनोटेशन्स, एक जेडीकेतून, दुसरी तुमच्या लिबमधून.

त्यातच एक खोडी अशी, की मेव्हनमध्ये (बिल्ड करणारं आणि लागणाऱ्या जार आणणारं साधन) ‘जकार्ता.ॲनोटेशन-एपीआय’ नावाच्या जारची १.३.५ ही आवृत्ती उघडून पाहिलीत तर आत पॅकेज ‘जावाएक्स’ निघतं. २.० पासून आत ‘जकार्ता’ आहे. जारचं नाव तेच, आतला माल वेगळा. डिपेंडन्सी अपडेट करणाऱ्या बॉटनं १.३.५ चं २.० केलं आणि तुमचा कोड ती जार थेट इम्पोर्ट करत नसेल, तर बिल्ड हिरवं राहतं आणि एखाद्या आतल्या लायब्ररीची ॲनोटेशन्स रनटाइमला गळतात. तुमच्या बिल्डचा डिपेंडन्सी ट्री काढून या जारच्या किती आवृत्त्या येतायत ते आजच पाहा.

आता तिसरा प्रश्न. वाचणारे एका जातीचे नसतात. काहीजण क्लास लोड करून रिफ्लेक्शननं वाचतात. काहीजण क्लास लोडच करत नाहीत, बाइटकोड थेट चाळतात: टॉमकॅटमध्ये त्यासाठी बीसीईएलची प्रत आहे, जेबॉस आणि वाइल्डफ्लाय हे सर्व्हर जॅन्डेक्स वापरतात, स्प्रिंग एएसएम वापरतं. आणि काहीजण कंपाइलच्या वेळीच वाचून मोकळे होतात. बाइटकोड चाळणाऱ्यांचा एक वेगळाच ताप असतो. जुन्या टॉमकॅटवर नवी जार टाकली की लॉगमध्ये ‘मॉड्यूल-इन्फो’ फाइलचं नाव घेऊन ‘इनव्हॅलिड बाइट टॅग इन कॉन्स्टंट पूल: १९’ असं येतं, ते तुमच्यातल्या काहींनी पाहिलं असेल. १९ हा टॅग जावा ९ पासून मॉड्यूलसाठी आहे, जुन्या स्कॅनरला तो माहीत नाही. जेव्हीएम ती फाइल कधी उघडणारही नाही, पण स्कॅनर जारमधली प्रत्येक क्लास फाइल उघडतो. एपीआयच्या जारमध्ये स्कॅन करण्यासारखं काही नसतंच, म्हणून ‘कॅटलिना.प्रॉपर्टीज’मधल्या वगळायच्या जारांच्या यादीत तिचं नाव घाला.

तर मग करायचं काय? माझा कल स्पष्ट आहे: तुमच्या सोर्समध्ये दोन्ही नावं एकत्र नांदू देऊ नका. जोवर जावा ८ चा एकही ग्राहक आहे, तोवर कोड ‘जावाएक्स’मध्येच लिहा, ‘--रिलीज ८’ नं बांधा, आणि ‘जकार्ता’ची जार बिल्डच्या शेवटी बाइटकोड बदलून तयार करा. ५२ चा बाइटकोड जावा १७ वर सुखानं चालतो, ६१ चा ८ वर चालत नाही. दिशा त्यामुळे आपोआप ठरते. त्यासाठी एक्लिप्स ट्रान्सफॉर्मर आहे, टॉमकॅटवाल्यांचं स्वतःचं मायग्रेशन टूल आहे. टॉमकॅट १० मध्ये तर ‘वेबॲप्स-जावाईई’ फोल्डरमध्ये जुनी वॉर (वेब ॲप्लिकेशनची फाइल) टाकली की तो स्वतःच बदलून घेतो. हा रस्ता मोठमोठ्यांनी वापरलाय: हायबरनेट या डेटाबेस लायब्ररीच्या ५.५ आणि ५.६ ची ‘जकार्ता’ नावाची वेगळी जार अशीच सोबत निघत होती.

हे यांत्रिकपणे जमतं याचं कारण इतिहासात आहे. जावा ईई ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं, पण ‘जावाएक्स’ नाव वापरून एपीआय पुढे बदलण्यावर समझोता झाला नाही. म्हणून २०२० च्या डिसेंबरातल्या जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजचं नाव बदललं आणि बाकी जवळजवळ सगळं तसंच ठेवलं. २०२२ चं ईई १० आलं तेव्हा जुन्या गोष्टी काढल्या, नव्या घातल्या, किमान जावा ११ झाला. म्हणजे ईई ८ मधून ईई ९ मध्ये नाव बदलून जाता येतं. १० वर जाताना कोडही पाहावा लागतो. तुमच्या ‘जकार्ता’ जारची चाचणी थेट ईई १० च्या कंटेनरवर घ्या, कारण ग्राहकांकडे ९ क्वचितच सापडेल.

‘फाइंड-रिप्लेस मारून टाकू, टूल कशाला’ असं कोणीतरी म्हणणारच. त्याला ‘जावाएक्स.ॲनोटेशन’ हे एकच पॅकेज उघडून दाखवा. @पोस्टकन्स्ट्रक्ट ‘जकार्ता’त गेली. त्याच नावाखालचं ‘प्रोसेसिंग’ उप-पॅकेज जेडीकेचं आहे, ते हललं नाही. तुमचा एखादा ॲनोटेशन प्रोसेसर असेल तर सरसकट बदलानं तो जागीच मरतो. आणि @नलेबल (‘ही किंमत नल असू शकते’ अशी खूण), जी फाइंडबग्जच्या जेएसआर ३०५ जारमधून येते, ती तिसऱ्याच घरची. तो जेएसआर कधी पूर्ण झालाच नाही, त्यामुळे ती कुठेच गेली नाही. एका पॅकेजात तीन मालक. शिवाय ‘जावाएक्स.एसक्यूएल’, ‘जावाएक्स.नेमिंग’, ‘जावाएक्स.क्रिप्टो’ सगळे जेडीकेतच आहेत. ‘जावाएक्स.ट्रान्झॅक्शन’ गेलं, पण त्याखालचं ‘एक्सए’ राहिलं. ‘जावाएक्स.कॅश’ही राहिलं.

टूल वापरलं तरी स्ट्रिंग तपासा. ‘मेटा-इन्फ’मधल्या ‘सर्व्हिसेस’ फोल्डरातल्या फाइलींची नावं, ‘पर्सिस्टन्स.एक्सएमएल’मधल्या प्रॉपर्टी, एरर पेजवर वाचली जाणारी रिक्वेस्ट ॲट्रिब्यूटची नावं. शिवाय कोणीतरी दोन तुकडे जोडून बनवलेलं क्लासचं नाव कुठल्याही टूलला दिसत नाही.

दुसरा रस्ता वाचणाऱ्याला नवी लिपी शिकवण्याचा. मॉड्यूल आधीच ‘जकार्ता’त लिहून झालं असेल आणि परत फिरवायला वेळ नसेल, तर हा तात्पुरता रस्ता आहे. स्प्रिंग ५.३ मध्ये ‘इनिटडिस्ट्रॉयॲनोटेशनबीनपोस्टप्रोसेसर’ या क्लासचा आणखी एक बीन (स्प्रिंग सांभाळतं तो ऑब्जेक्ट) नोंदवा आणि त्याच्या ‘सेटइनिटॲनोटेशनटाइप’ला ‘जकार्ता’चा @पोस्टकन्स्ट्रक्ट द्या, ‘डिस्ट्रॉय’साठी @प्रीडिस्ट्रॉय. एवढ्यानं स्प्रिंगच्या बीन्सपुरता तुमचा प्रश्न सुटेल. फक्त एखाद्या मेथडवर ‘दोन्ही लावून ठेवू, कुठलं तरी चालेल’ असं करू नका. दोन्ही नावं एकत्र नकोत, हे वर म्हटलंच आहे. @इंजेक्टसाठी (‘लागणारा ऑब्जेक्ट इथे आणून दे’ अशी खूण) ‘ऑटोवायर्डॲनोटेशनबीनपोस्टप्रोसेसर’ला प्रकारांची यादी देता येते. पण ती यादी मूळच्या यादीत भर घालत नाही, तिची जागाच घेते. @ऑटोवायर्ड आणि @व्हॅल्यू पुन्हा स्वतःच्या हातानं घालायला विसरलात तर सगळंच बंद पडेल.

सीडीआय (जावा ईईची ऑब्जेक्ट जोडायची पद्धत) असेल तर पोर्टेबल एक्स्टेन्शन लिहून ‘प्रोसेसॲनोटेटेडटाइप’ इव्हेंटमध्ये, ज्या मेथडवर ‘जकार्ता’चं ॲनोटेशन आहे तिच्यावर ‘जावाएक्स’चं चढवता येतं. सीडीआय २.० मध्ये ‘कॉन्फिगरॲनोटेटेडटाइप’मुळे ते काही ओळींत होतं. पण हे सीडीआयनं सांभाळलेल्या बीन्सपुरतंच. सर्व्हलेट आणि ईजेबी हे जावा ईईचे क्लास मात्र कंटेनर स्वतः चाळतो; तुमचं एक्स्टेन्शन तिथे पोचत नाही. सर्व्हलेटसाठी एक जुनी वाट आहे: ‘वेब.एक्सएमएल’मध्ये ‘पोस्ट-कन्स्ट्रक्ट’ हा टॅग आहे, क्लास आणि मेथडचं नाव लिहा, ॲनोटेशन लागतच नाही. एक्सएमएलला लोक नाकं मुरडतात, पण असल्या ठिकाणी ते अजून कामाला येतं. स्प्रिंगमध्येही @बीनच्या ‘इनिटमेथड’नं हेच साधतं, आणि बऱ्याचदा कन्स्ट्रक्टरमध्ये करता येण्यासारखं काम विनाकारण @पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये गेलेलं असतं.

वाचणाराच द्विभाषिक असेल तर उत्तम. ग्युस (ऑब्जेक्ट जोडणारी आणखी एक लायब्ररी) ६ दोन्ही ‘इंजेक्ट’ वाचतं, ७ फक्त ‘जकार्ता’. स्प्रिंग ६ ‘जकार्ता’वर गेलं तरी @पोस्टकन्स्ट्रक्ट, @रिसोर्स आणि @इंजेक्टची ‘जावाएक्स’ रूपं वाचत राहिलं. स्प्रिंग ७ नं ते बंद केलंय. हे नीट लक्षात घ्या, कारण आज जावा १७ आणि स्प्रिंग ६ वरच्या ग्राहकाकडे तुमच्या जुन्या जारमधली दोन-चार ‘जावाएक्स’ ॲनोटेशन्स निमूट चालत असतील. तो ७ वर गेला की तीच शांतता, फक्त दुसऱ्या टोकाकडून.

टॉमकॅट १०.० ची आठवण कोणीतरी काढेल: जावा ८ वर चालतो आणि ‘जकार्ता’ही वाचतो, मग प्रश्नच मिटला. कागदावर खरं आहे. पण त्याचा सपोर्ट ३१ ऑक्टोबर २०२२ ला संपला, १०.१ ला जावा ११ लागतो. ग्राहकाच्या सर्व्हरवर सुरक्षा दुरुस्त्या न मिळणारा कंटेनर बसवून देऊ नका. टॉमकॅट ९ त्यापेक्षा कितीतरी बरा.

जावा ८ चं टाइप-यूज ॲनोटेशन (थेट टाइपवर लावता येणारं) हा यातला एक वेगळा कोपरा आहे. जेस्पेसिफायकडे (नल-तपासणीच्या ॲनोटेशन्सचा नवा संच) जाणाऱ्यांना तो भेटतोच. जुनी @नलेबल ‘स्ट्रिंग’च्या ॲरेआधी लावली तर ‘ॲरे नल असू शकतो’ असा अर्थ व्हायचा. टाइप-यूज प्रकारची तशीच लावली तर ‘ॲरेतला घटक नल असू शकतो’ असा होतो. ॲरेसाठी ती चौकटी कंसाच्या आधी लिहावी लागते. इम्पोर्ट बदलला, कोड कंपाइल झाला, अर्थ फिरला. इथे आपोआप बदल नको, ॲरे असलेल्या ओळी डोळ्यांखालून घाला.

आणि या सगळ्याच्या आधी, खरं तर याच आठवड्यात, ती शांतता मोडून काढा. बिल्डमध्ये आर्कयुनिटचा (कोडच्या रचनेचे नियम तपासणारी लायब्ररी) एक नियम घाला: मूळ सोर्समधला कुठलाही क्लास ‘जकार्ता’ पॅकेजवर अवलंबून नसावा. मेव्हन एन्फोर्सरच्या जादा नियमांत बाइटकोड आवृत्तीची कमाल मर्यादा घालता येते, ती जावा ८ ला बांधा, म्हणजे एखादी डिपेंडन्सी ५५ ची क्लास फाइल घेऊन आली तर बिल्डच फुटेल. ॲप्लिकेशन सुरू होताना स्वतःच्या जार चाळणारी एक तपासणीही ठेवा: या रनटाइमला न कळणारं लाइफसायकल ॲनोटेशन (@पोस्टकन्स्ट्रक्टसारखं) सापडलं, तर क्लासचं नाव छापून ॲप्लिकेशन थांबवायचं. ही तपासणी रिफ्लेक्शननं लिहू नका. क्लासपाथवर नसलेलं ॲनोटेशन रिफ्लेक्शन लपवतं हे वर पाहिलंच. म्हणजे ज्याला शोधायचं तेच दिसणार नाही. एएसएम किंवा जॅन्डेक्सनं बाइटकोड वाचा. एकट्यादुकट्या क्लाससाठी जेडीकेतली ‘जावापी -व्ही’ ही कमांड पुरते: आउटपुटमध्ये ‘रनटाइमव्हिजिबलॲनोटेशन्स’ या शीर्षकाखाली पूर्ण नाव दिसतं, आणि ‘जकार्ता’ की ‘जावाएक्स’ हा वाद तिथल्या तिथे संपतो.

युनिट टेस्टवर इथे विसंबू नका. टेस्टमध्ये बहुतेकदा कंटेनर नसतो, ऑब्जेक्ट ‘न्यू’नं बनतो आणि ती मेथड टेस्ट स्वतः हाकते. तुमच्या मॉड्यूलच्याही टेस्ट पास झाल्या असणार, त्या याच कारणानं. दोन टोकं घ्या: जावा ८ सोबत टॉमकॅट ९, आणि जावा १७ सोबत टॉमकॅट १०.१. दोन्हीकडे खरी वॉर टाका, आणि लाइफसायकल मेथडमध्ये लॉगला जाणारी ओळ खरंच छापली गेली का, एवढंच पाहा. मधल्या जोड्या ग्राहकांच्या यादीतून निवडा, सगळ्या तपासायला कोणाकडे वेळ नसतो.